नऊ इंच

हायमकाका थळकर हयात आहेत. व्हँकुव्हरला मुलाकडे असतात, तब्येत ठणठणीत आहे, आणि मी त्यांच्याशी बोलत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल इतकं चांगलं बोलणार आहे की वाचणाऱ्याला वाटेल, या बाईचंच काहीतरी बिनसलंय.

ते आमचे शेजारी. स्कारबरोत तळ्याकडे उतरणाऱ्या एका गल्लीत जुनी विटांची घरं आहेत, त्यातलं एक आमचं, पलीकडचं त्यांचं, मध्ये एक बोळ. आम्ही घर बघायला आलो तेव्हा एजंट इंग्रजीत किचनचं कौतुक सांगत होता. एवढ्यात बोळापलीकडून शुद्ध मराठीत आवाज आला, "किचन राहू दे, बॉयलर बघितलात का?" मी आणि माझा नवरा मिलिंद दोघंही गर्रकन वळलो. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, डोक्यावर लोकरीची टोपी, कानावर पेन्सिल. अलिबागकडचे मराठी ज्यू. मुंबईत एका गिरणीत बॉयलरवर होते, मग इथे एका हॉस्पिटलच्या बॉयलर रूममध्ये, आणि रिटायर झाल्यावर गावातल्या यच्चयावत मराठी माणसांच्या बेसमेंटमध्ये.

कुणाच्याही घरी गेले की ते आधी आत येत नसत. बाहेरून घराला एक पूर्ण फेरी. कुठून पाइप निघालाय, त्याच्या तोंडाशी बर्फ आहे का, विटांवर काळं आलंय का. फ्लोराकाकू बिचाऱ्या हातात डबा घेऊन दारात कुडकुडत उभ्या. "लग्नाच्या दिवशी पण ह्यांनी आधी माझ्या बापाच्या घराला फेरी मारली होती," त्या म्हणायच्या. "माझ्या आईला वाटलं, पोरगा पळून चाललाय."

एकदा मार्कमला एकीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका वर, पुरुष बेसमेंटमध्ये क्रिकेट लावून. तिळगूळ वाटून झाला तरी हायमकाकांचा पत्ता नाही. कुणीतरी खिडकीतून पाहिलं तर हे घराच्या कडेला गुडघाभर बर्फात ओणवे, दोन्ही हातांनी उकरताहेत. त्या घराचे धुराचे पाइप भिंतीतून खूप खाली काढले होते आणि आदल्या दिवशीच्या बर्फात गाडले गेले होते. घर आणि पाणी तापवणारा बॉयलर केव्हाच बंद पडला होता. यजमानांना वाटत होतं, दार सारखं उघडतंय म्हणून गार वाटतंय. सगळे हसले. काका आत आले, हात धुतले आणि यजमानांना म्हणाले, "तुम्ही इंजिनियर ना? कसले?" बिचारा सॉफ्टवेअरचा होता. काका म्हणाले, "मग ठीक आहे."

"मला वाटतं" हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. कुणी म्हणालं, "काका, अंदाजे किती असेल?" तर ते खिशातून स्टीलचा टेप काढायचे. "अंदाज तू ठेव, बाय. मी मोजून सांगतो." आणि खरंच मोजून सांगायचे. आमच्याकडे पडद्याचा रॉड, सोफा दारातून जाईल की नाही, लेकीच्या, म्हणजे इराच्या, पाळण्याच्या गजांतलं अंतर, सगळं त्यांनी मोजलेलं. माझ्या स्वतःच्या वडिलांचं मी कधी इतकं निमूट ऐकलं नाही.

त्यांनी स्वतःच्या घरी नवीन बॉयलर बसवला तेव्हा गुरप्रीत नावाचा पंजाबी टेक्निशियन आला होता. त्या बॉयलरचा धूर प्लास्टिकच्या पाइपने भिंतीतून आडवा बाहेर जातो, आणि पाइपाला थोडा उतार लागतो, म्हणजे आत साचलेलं पाणी माघारी येतं. काकांनी त्याच्याकडून तो उतार तीनदा करवून घेतला. गुरप्रीत वैतागून म्हणाला, "अंकल, इन्स्पेक्टर भी इतना नहीं देखता." काका म्हणाले, "इन्स्पेक्टर को इधर सोना नहीं है." मग त्याला जेवायला बसवलं. त्यांच्याकडे मटणाबरोबर दूधदही चालत नाही, सगळं नारळाच्या दुधात. काकूंच्या त्या रश्श्यावर गुरप्रीत असा तुटून पडला की पुढे आमच्या गल्लीत कुठलंही काम निघालं की तोच यायचा. हा पाइप त्यांनी त्यांच्या घराच्या पलीकडच्या भिंतीतून काढला होता, आमच्या बाजूने नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. का दिसावं?

आमच्या बाजूच्या बोळात त्यांचा मांडव असायचा. ऑक्टोबरच्या सुमारास त्यांचा मांडवाचा सण येतो, आठवडाभर फांद्यांच्या छपराखाली बसून जेवायचं. छपरातून आभाळ दिसलं पाहिजे हा त्यातला नियम. त्यांच्या मागच्या अंगणावर सिटीचं अवाढव्य मेपलचं झाड पसरलेलं, तोडायची परवानगी नाही, आणि झाडाखाली मांडव चालत नाही. म्हणून मग बोळ. बोळाचा अर्धा भाग आमचा, पण कुंपण आम्ही कधी घातलंच नाही. मिलिंद बांबू धरायचा, मी आणि काकू फांद्यांना कागदी पताका बांधायचो, आणि इरा आत स्वेटर घालून पहिली जाऊन बसायची. "इट्स अवर फोर्ट, आजोबा!" काका प्रार्थना म्हणायचे, मग मराठीत त्याचा अर्थ सांगायचे, मग कुणाच्या बेसमेंटमध्ये काय चुकीचं आहे ते सांगायचे. आमच्या दिवाळीपेक्षा मला तो आठवडा जास्त आवडायचा. खरं सांगते.

तिथे राहायला येऊन पाचेक वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या जुन्या बॉयलरने मान टाकली. थंडी तोंडावर आलेली. मी अर्थातच कुंपण नसलेल्या बोळातून सरळ पलीकडे गेले.

काका आले. बाहेरून फेरी मारली, मग बेसमेंटमध्ये उकिडवे बसून मला समजावलं, "हे बघ बाय, आतलं कुणीही करतं. धूर बाहेर कुठून काढायचा ते ठरवणं हेच खरं काम. दोन रस्ते आहेत. एक, तुझी जुनी चिमनी. तिच्यात आतून स्टीलचा पाइप सोडायचा, धूर आपला आपण वर जातो. पण हा बॉयलर खोलीतली हवा खातो, म्हणून त्याला भिंतीत एक भोक ठेवायचं, बाहेरची हवा यायला. दुसरा म्हणजे माझ्यासारखा. बंद डबा. भिंतीतून दोन पाइप, एकातून बाहेरची हवा घेतो, एकातून धूर सोडतो. खोलीशी त्याचं काही देणंघेणं नाही."

"मग दुसराच घेऊ की," मी म्हटलं.

"घेऊ. बसला तर."

ते बोळात गेले. टेप काढला. एक टोक मला धरायला लावलं आमच्या भिंतीशी, दुसरं नेलं त्यांच्या खिडकीपर्यंत. वाकून पाहिलं. टेप सर्रकन मिटला.

"नऊ इंच कमी पडतात. धुराच्या तोंडापासून शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत जेवढं सुटायला पाहिजे तेवढं सुटत नाही. नियमात बसत नाही, बाय."

"दुसरीकडून कुठून?"

"पुढे गॅसचा मीटर. मागे तुझं डेक, तिथे बर्फ साचतो." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "चिमनी."

संपलं. माझ्या डोक्यात दुसरा विचारसुद्धा आला नाही. तेव्हा चिमनीवाले बॉयलर अजून मिळत होते. मी नॉर्थ यॉर्कला ऑफिसात, मिलिंद त्याच्या कामावर, काकांनीच गुरप्रीतला बोलावलं, काकाच उभे राहिले. भिंतीतल्या त्या भोकाला जाळी बसवली आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत कागद चिकटवला, हे बंद करू नये म्हणून. एक हिवाळा उत्तम गेला.

दुसऱ्या हिवाळ्यात माझी आई आली, नागपूरहून, कायमची. बाबा गेल्यावर तिथे तिचं कुणी उरलं नव्हतं. तिने आमच्या घरातली सगळ्यात उबदार जागा दोन दिवसांत हेरली, बॉयलरशेजारची बेसमेंटमधली खोली. तिथे तिने मुगाच्या वड्या वाळत घातल्या, तिथेच दुपारच्या मालिका, तिथेच डुलकी. आणि हायमकाकांशी तिची अशी गट्टी जमली की बघत राहावं. ती त्यांना हायमभाऊ म्हणायची, ते तिला ताई. दोघं मिळून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे.

फेब्रुवारीत आईचं डोकं दुखायला लागलं. थंडीमुळे, आम्ही म्हटलं. झोप फार यायला लागली. वय, आम्ही म्हटलं. इरा म्हणाली, "आजी इज ऑलवेज स्लीपी." मी तिला म्हटलं, तू झोपू देतेस का तिला?

त्या शनिवारी दुपारी मी ग्रोसरीला गेले होते, मिलिंद बाहेर बर्फ शोव्हल करत होता. बेसमेंटमधला अलार्म वाजायला लागला. आता आपल्या घरात अलार्म वाजला की आपण काय करतो? फोडणी जास्त झाली म्हणतो आणि त्याच्याखाली टॉवेल फिरवतो. आई तेच करत होती. मिलिंदनेही बाहेरून ऐकलं आणि तो शोव्हल करत राहिला. टॉवेल फिरवता फिरवता ती खाली बसली, मग आडवी झाली. इरा ओरडत बाहेर आली, "बाबा, आजी इज नॉट गेटिंग अप!"

पण मिलिंदच्या आधी हायमकाका आत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पायात नुसते मोजे. त्यांनी बॉयलर बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि दोघांनी मिळून आईला उचलून बाहेर बर्फात आणलं. अॅम्ब्युलन्स आली, फायर ट्रक आला. मी ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन वळणावर आले तर आमच्या दारात लाल दिवे. ती चाळीस-पन्नास पावलं मी कशी चालले मला आठवत नाही.

आई वाचली. ऑक्सिजन लावल्यावर ती डोळे उघडून म्हणाली, "बाप्पा, एवढी माणसं काहून आली?"

फायरवाल्यांनी त्यांच्या मशीनवर आकडे पाहिले. कार्बन मोनॉक्साइड. काका बेसमेंटमधून वर आले तेव्हा त्यांच्या हातात आईची जुनी गोधडी होती, बोळा केलेली. भिंतीतल्या त्या भोकात कोंबलेली. हवा मिळाली नाही की असा बॉयलर नीट जळत नाही, धूर वर जायच्या ऐवजी खोलीत सांडतो.

त्यांनी ती गोधडी सगळ्यांसमोर वर धरली. "हे कुणी घातलं?"

"मी," आई अॅम्ब्युलन्सच्या दारातून म्हणाली. "गार वारा येत होता, भाऊ."

इंग्रजीतला कागद तिला वाचता येत नव्हता. तो मराठीत लिहायचं मला सुचलं नाही, आणि हा दोष माझा, तो मी कुणावर ढकलत नाही.

दोन दिवसांनी गुरप्रीत आला. बेसमेंटमध्ये उभा राहून त्याने मान हलवली. "मॅडम, मैंने तो तभी बोला था, साइड वॉल से निकालो, बंदवाला लगाओ. ये होता ही नहीं."

मी म्हटलं, "जगह नहीं थी ना. नौ इंच कम."

"किसने बोला?"

त्याने टेप काढला. आम्ही बोळात गेलो. मी तेच टोक धरलं, तिथेच धरलं. तो त्यांच्या खिडकीपर्यंत गेला, परत आला, आणि मला आकडा दाखवला. नियमाला लागतं त्याहून दोन फूट जास्त जागा होती.

"अंकल को मालूम था," गुरप्रीत हळूच म्हणाला. "मैंने उनके सामने नापा था. वो बोले, मॅडम को चिमनी ही चाहिए. मैंने सोचा, आपकी मर्जी."

मी तशीच, चपलांवर, पलीकडे गेले. काका एकटेच होते, टेबलाशी बसून चष्मा पुसत होते. मी नमस्कार-चमत्कार केला नाही.

"नऊ इंच कुठून आले, काका?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला. मला वाटलं, म्हणतील, चूक झाली, वय झालं, आकडा नीट दिसला नाही. मी मानलंही असतं. माझी मनातून तयारीच होती मानायची. पण खोटं एकदा बोलून संपलं होतं बहुतेक.

"मांडव," ते म्हणाले. "तुझा पाइप बरोबर मांडवात सुटला असता. तुम्ही आंघोळ केली तरी ती वाफ, तो वास. त्याच्यात बसून प्रार्थना कशी म्हणू? आणि मला दुसरीकडे आभाळ नाही."

"मग सांगायचं ना मला! मागायचं! अहो, मी तो आठवडा बॉयलर बंद ठेवला असता. थंड पाण्याने आंघोळी केल्या असत्या आम्ही. पाइप चार फूट पुढे सरकवला असता. तुमच्या मांडवासाठी मी नाही म्हटलं असतं?"

"नाही म्हटलं असतंस तर?" काका म्हणाले. "मग दरवर्षी तुला मांडवात जेवायला बोलवताना मला ते आठवलं असतं. तू नाही म्हणायची जागाच ठेवायची नव्हती मला."

इतकी वर्षं. इतकी वर्षं एकत्र जेवलो, आणि हा माणूस मला मनातल्या मनात विचारून, मनातल्या मनात माझ्याकडून नकार घेऊन, मोकळा झाला. मला इतका संताप आला की मी रडायला लागले, आणि रडू आल्याचा आणखी संताप आला.

"माझी आई मेली असती."

त्यांनी चष्मा घडी करून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "भोक मी नाही बंद केलं, बाय."

मी निघाले. दारात थांबून एवढंच म्हटलं, "आईला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने. ती स्वतःला खातेय."

"सांगतो," ते म्हणाले.

आई खरंच स्वतःला खात होती. जी बाई आल्या दिवसापासून माझं किचन स्वतःचं समजत होती, ती आता गॅस लावायच्या आधी विचारायची, "लावू का गं?" स्विचला हात लावत नव्हती. वड्या बंद. नागपूरला मावशीला फोनवर सांगताना मी ऐकलं, "माझ्या हातून लेकीचं घर मेलं असतं गं. नात खाली खेळायची." परत जाते म्हणायला लागली. तिथे एकटी राहीन, माझ्यामुळे कुणाला धोका नको. मी तिला सगळं सांगितलं, टेप, मांडव, गुरप्रीत, सगळं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मान खाली गेली.

"ज्या माणसाने मला उचलून बाहेर आणलं त्याच्यावर ढकलतेस? माझी चूक झाकायला? असं नाही करू बाळा."

म्हणजे सांगायचं तर त्यांनीच सांगायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नव्हती.

मार्च गेला. एप्रिल गेला. मी बोळात त्यांना गाठून विचारायचे, "सांगितलंत?" ते म्हणायचे, "सांगतो, योग्य वेळ बघून." मग ते मला बघून बोळात यायचे बंद झाले. गुरप्रीतने आमच्याकडे बंद बॉयलर बसवला, पाइप साइड वॉलमधून काढले, उतार एकदाच केला. काका बघायला आले नाहीत. मे महिन्यात त्यांच्या दारासमोर घर विकायची पाटी लागली. मुलाचा आग्रह, काकू म्हणाल्या, व्हँकुव्हरला हिवाळा सौम्य असतो. त्या माझा हात धरून रडल्या. त्यांना काही माहीत नव्हतं हे मला त्यांच्या रडण्यावरून कळलं, आणि मी त्यांनाही काही बोलले नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी वरच्या खिडकीत उभी होते. खाली गेले नाही. मिलिंदने बॅगा गाडीत ठेवल्या. काकू बसल्या. काका बसता बसता थांबले आणि आमच्या पायऱ्यांकडे आले. आई तिथे उभी होती, हातात त्यांच्यासाठी लोणच्याची बरणी. त्यांनी टोपी काढली. मी त्यांना कधी कुणासमोर टोपी काढताना पाहिलं नव्हतं, प्रार्थनेत तर नाहीच. पांढरे विरळ केस वाऱ्यावर उडत होते. ते खाली बघून काहीतरी बोलत होते, बरंच बोलत होते, आणि आई मान हलवत ऐकत होती. मग तिने पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. सांगितलं एकदाचं. मला वाटलं, धावत खाली जावं, निदान हात तरी करावा. मी खिडकी उघडलीसुद्धा. त्यांनी वर पाहिलं, टोपी घातली आणि गाडीत बसले. गाडी वळणावरून गेली.

मी जिना उतरून खाली आले. आई पायरीवर बसली होती.

"काय म्हणाले गं?"

"म्हणाले, ताई, जीवाला लावून घेऊ नका. माणसाच्या हातून चूक होते. मी तुम्हाला कधीच माफ केलंय." आईने नाक पुसलं. "आणि म्हणाले, जिथे राहाल तिथे यापुढे कुठलंही भोक बुजवू नका. जाता जाता पण किती काळजी माझी." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "आता तू माझं नागपूरचं तिकीट काढ."